म्हातारीचा श्वास

४ फेब्रुवारी

झालं! पिक्चरचा तिसरा भाग आमच्याकडेच आला.

सकाळी बाईंचा फोन. जगाला त्या मोठ्या दिग्दर्शक वगैरे. मला मात्र एकवीस वर्षांपूर्वी आमच्या आवाजाच्या खोलीत दारातच बसून शिळा पाव खाणाऱ्या बाई आठवतात. म्हणाल्या, "पहिल्या दोन भागांत तू होतीस. शेवटच्यात नसलीस तर मला झोप लागायची नाही."

होते म्हणजे काय — काकांच्या हाताखाली होते. खडखड काका. दोन्ही खिशांत खिळे, किल्ल्या, बाटल्यांची झाकणं. माणूस वळायच्या आधी आवाज वळायचा. मी तेव्हा बावीसची. पत्रे उचल, बूट पूस, वाळू चाळ. पडद्यावर कुणी चाललं की आपण खोलीत चालायचं, कुणी दार ढकललं की आपण ढकलायचं. लोकांना वाटतं, शूटिंगच्या वेळीच सगळं ऐकू येतं. वाटू दे.

सोबत सहीचा कागद आलाय. शेवट कुणाला सांगायचा नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, शेजाऱ्यांना नाही. नवरा आठ वर्षांपूर्वीच वेगळा झाला, ते सोपं. शेजारी फक्त पाणी आलं का विचारतात. राहिली लेक. तिथे खरी कसोटी!

५ फेब्रुवारी

लेकीला कळलंच. सोळा वर्षांची आहे, दोन्ही भाग तोंडपाठ. ताटावरून उठेचना.

"आई, एवढंच सांग. म्हातारी वाचते ना?"

म्हातारी म्हणजे पिक्चरमधलं अंतराळजहाज. जुनं, डागडुजी केलेलं, कुरकुरणारं. माणसांपेक्षा लोक तिच्याच प्रेमात. मी म्हटलं, मला माहीत नाही. तोवर खरंच नव्हतं माहीत.

६ फेब्रुवारी

माहीत झालं. म्हातारी मरते.

(ही वही आता चादरींच्या खाली. आणि कार्टे, वाचत असशील तर इथेच थांब!)

८ फेब्रुवारी

दिवसभर पावलं. पाच अंतराळवीर, पाचांची चाल वेगळी. कप्तानीण टाचेवर जोर देते, वैद्यबुवा पाय ओढतात. मी पत्र्यावर जड बूट घालून दोघांचंही चालले. बटण्या काचेपलीकडून म्हणतो, "ताई, वैद्य जरा कप्तानिणीसारखा चालला." मिक्सिंगचं काम करतो, बोटं कायम बटणांवर, म्हणून बटण्या. कान मात्र तिखट. पुन्हा चालले. आता पायाच्या अंगठ्यावर फोड.

हेल्मेट काढल्याचा आवाज चिनी मातीच्या बरणीच्या झाकणातून निघाला. अगदी अचानक! फणसासारखी गोष्ट ही — बाहेरून काय, आत काय, कापेपर्यंत पत्ता नाही. वीस वर्षं करतेय, तरी बरणी असं बोलेल हे आज कळलं.

११ फेब्रुवारी

खरं काम आज समजलं.

बाई आल्या. सगळ्यांना बाहेर काढलं, मी आणि बटण्या एवढेच आत. म्हणाल्या, "मला श्वास हवाय."

म्हातारी श्वास घेते. पहिल्या भागापासून. जहाजात कुणी बोलत नसलं की पाठीमागे तो चालू असतो — घरघर, खोल, थोडा फाटका, आणि मधेच शिट्टीसारखा बारीक सूर. लोक त्याला ऐकत नाहीत, पण तो नसला तर बेचैन होतात. तिसऱ्या भागात शेवटी तो मंदावतो, अडखळतो, थांबतो. संवाद नाही. संगीत नाही. नुसता श्वास.

"मग जुनाच वापरा," मी म्हटलं.

बटण्यानं लावून दाखवला. मूळ आवाज नऊ सेकंदांचा. तोच दोन्ही भागांत फिरवून फिरवून वापरलाय. ताणला की रबर होतो, थांबवला की पंखा बंद केल्यासारखा वाटतो. मरत नाही. बिघडतो.

"तो ज्यातून काढला होता ती वस्तू शोध," बाई म्हणाल्या. "तिलाच मरायला लाव."

जाताना बटण्या मला हळूच म्हणाला, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो ताई, पण काळ सोकावतो — चौथा भाग आला तर?" बाईंनी ऐकलं. हसल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी

तळघरातून जुनी टेप काढली. खोक्यावर काकांचं अक्षर, कोंबडीचे पाय:

"४७. विचारू नये."

एवढंच! बाकी प्रत्येक टेपवर इत्थंभूत लिहिलंय. ४६ : ओलं पोतं + बादली. ४८ : सायकलचं चाक, उलटं, तेल न घालता. आणि ४७ — विचारू नये. माणूस असं लिहितो तेव्हाच विचारावंसं वाटतं, हे काकांना कळत नसेल?

१३ फेब्रुवारी

लोहाराचा भाता. नाही.

१४ फेब्रुवारी

हवेची गादी, वर मी बसून. बटण्याला हसू आवरेना. नाही.

१५ फेब्रुवारी

धूळ ओढायच्या यंत्राची नळी पिंपात सोडून. जवळ आलो! पण त्यात जीव नाही. श्वासाच्या शेवटी एक छोटासा अडखळा आहे — जणू आत घ्यावं की बाहेर सोडावं, हे ठरत नाहीये. यंत्र कधी असं अडखळत नाही. यंत्राला काय, कुणी विचारलंय?

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीला आडून विचारलं. "तुम्हा लोकांना काय वाटतं गं, तो आवाज कशाचा असेल?"

बाईसाहेब खोलीत गेल्या आणि तक्ताच घेऊन आल्या! जगभरच्या वेड्यांनी गोळा केलेले तर्क. देवमासा. म्हातारा हत्ती. पाणबुडी. बंद पडलेल्या कारखान्याचं धुरांडं आणि वारा. एकानं लिहिलंय, दिग्दर्शिकेच्या मरणासन्न वडिलांचा श्वास. (बाईंचे वडील ठणठणीत आहेत, परवाच फोनवर ओरडत होते.)

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं ती कुणीतरी बाई आहे," लेक म्हणाली. "म्हातारी आहे ना ती."

"म्हणून बाई?"

"म्हणून नाही. ऐकताना तसं वाटतं. निर्जीव वस्तू नाही वाटत."

मी हसण्यावारी नेलं. पण दिवसभर डोक्यात तेच.

१९ फेब्रुवारी

काकांच्या घरी फोन. दुसरा भाग संपल्यावर काकांनी काम सोडलं, त्याला आता अकरा वर्षं. कान गेले म्हणून सोडलं. आवाजाच्या माणसाचे कान! मी तेव्हा चारदा भेटायला गेले, मग दोनदा, मग वर्षातून एक फोन. लाज वाटते.

सूनबाईंनी उचलला. "त्यांना फोनवर ऐकू येत नाही. या ना घरी. समोर बसून तोंडाकडे बघत कळतं त्यांना बरंच."

रविवारी जाते.

२३ फेब्रुवारी

रागावू की हसू, माहीत नाही.

काका गॅलरीत घड्याळ खोलून बसले होते. खिसे रिकामे. किती शांत झालेत! मला बघितल्यावर घड्याळाचं आतडं तसंच सोडून उठले. सूनबाईंनी चहा ठेवला. काकांनी माझी पाठ थोपटली, केस पिकले म्हणून चिडवलं. ऐकण्यापेक्षा आता ते हातानं समजून घेतात — कपाट बंद झालं की भिंतीला तळवा लावून म्हणतात, "बिजागरी सैल आहे."

मी मोठ्यांदा, तोंड समोर धरून विचारलं, "काका, सत्तेचाळीस नंबर!"

त्यांचा चेहरा पडला. मग हसू फुटलं. मग दोन्ही एकदम.

"आता विचारतेस होय? एकवीस वर्षांनी?"

"खोक्यावर लिहिलं होतंत, विचारू नये."

"आणि तू ऐकलंस! माझं एक तरी ऐकलंस!" मग बराच वेळ घड्याळाची चाकं ओळीनं लावत बसले. "सांगतो. पण मारायचं नाही."

"काका!"

"तू."

"मी काय?"

"तू गं. तूच ती." चाकं थांबली. "आपण तीन दिवस घरी गेलो नव्हतो आठवतंय? शेवटी दुपारी तू गाद्यांच्या खोलीत पडलीस आणि लागलीस घोरायला. मी झाडू घ्यायला आत आलो. आणि काय सांगू पोरी! लोखंडी पेटी तुझ्या डोक्याशी होती, तिच्यातून आवाज असा घुमत होता... मी महिनाभर तोच शोधत होतो. माईक आणला, पेटीत सोडला. नंतर निम्म्या गतीनं वाजवला. झालं जहाज."

मी कप खाली ठेवला.

"विचारायला हवं होतं," काका म्हणाले. "तेव्हा वाटलं, पोर लाजेल, काम सोडून जाईल. नंतर पिक्चर असा चालला की सांगायला तोंडच उरलं नाही. चूकच ती. लिहून ठेवलं विचारू नये, म्हणजे मला तरी विचारू नये."

चहा न पिताच निघाले. जिन्यात आल्यावर हसू आलं. बसस्टॉपवर रडू. जगातली लाखो माणसं माझं घोरणं ऐकून गहिवरलीत आणि मी बावीस वर्षांची होते आणि झोपेत होते आणि मला कुणी विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी

लेकीला (कुणालाही न सांगायच्या शपथेवर) सांगितलं. वाटलं, थक्क होईल.

"तू घोरतेस हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे, आई."

मग दोन मिनिटांनी दारातून डोकं काढून : "म्हणजे मी रोज म्हातारीच्या शेजारच्या खोलीत झोपते?" आणि येऊन मिठी मारली. सोळाव्या वर्षी मिठ्या दुर्मीळ. घेतली.

२५ फेब्रुवारी

राग आहे अजून. पण रागापेक्षा कुतूहल मोठं निघालं, काय करू! स्वतःचा श्वास कुणी कधी ऐकलाय? आपण असतो तेव्हा तो गप्प असतो, तो बोलतो तेव्हा आपण नसतो. बावीस वर्षांची ती मुलगी असा सूर काढायची. त्रेचाळीसची बाई काय काढेल?

बाईंना सांगितलं. पलीकडून आधी दार लावल्याचा आवाज. मग : "तुझी परवानगी घेतली नव्हती कुणी. आता घेते. देशील?"

हो म्हटलं. आणि नावांच्या पाटीत "म्हातारी" म्हणून माझं नाव, पहिल्या ओळीत. तेही हो.

१ मार्च

फजिती. गाद्यांची खोली तीच, लोखंडी पेटी तीच (गंजलीय). माईक पेटीत. बटण्या काचेपलीकडे कान लावून, बाई खुर्चीत, हातात वही. आणि मी गादीवर, छताकडे बघत. झोप कसली येतेय! बटण्या लाजून लाल. एकदा बाई खोकल्या, एकदा माझं पोट वाजलं. पाऊण तासानं बटण्या म्हणतो, "ताई, मी अंगाई म्हणू का?"

सगळ्यांना घालवून दिलं.

२ मार्च

आज रविवार, इमारतीत कुणी नाही. यंत्र चालू करून ठेवलं. दोन मिनिटं डोळे मिटून बघू म्हटलं. उठले तेव्हा घशाला कोरड, तोंड उघडं, आणि दोन तास गेलेले! ऐकलं नाही अजून. उद्या बटण्याबरोबरच ऐकीन. एकटीनं धीर होईना.

३ मार्च

आवाज जाडा झालाय. बावीसच्या मुलीची शिट्टी गेली, तिच्या जागी खडीवरून गाडी. पण तोच! शेवटचा तोच अडखळा. निम्म्या गतीनं वाजवला आणि बटण्याच्या हातावर काटा आला, दाखवला त्यानं.

आणि मग सव्वा तासाच्या आसपास — काय मिळालं! श्वास चढत चढत गेला आणि थांबला. अडखळला नाही, थांबलाच. आम्ही वाट बघत राहिलो. बटण्यानं यंत्राकडे पाहिलं, काटा खाली पडलेला. मग एकदम मोठा आचका, पाण्यातून वर आल्यासारखा, आणि पुन्हा घरघर. असं एकदा नाही. कितीतरी वेळा.

"कुशीवर वळला असाल, माईकपासून लांब," बटण्या म्हणाला.

असेन. कशानं का होईना! तीन आठवडे आम्ही आवाज थांबवायला बघत होतो आणि तो मेला थांबतच नव्हता. आता बघा.

७ मार्च

बाईंनी ऐकलं. डोळे मिटून, पाय खुर्चीवर घेऊन. सर्वांत लांब शांतता निम्म्या गतीनं छप्पन्न सेकंद भरते. तेवढी पूर्ण ऐकली. आचक्यापाशी दचकल्या.

"हा आचका काप," म्हणाल्या. "ती परत येत नाही."

मी म्हटलं, राहू द्या, छान आहे, माणसांना वाटेल जगली. "म्हणूनच काप." भांडलो. बटण्यानं दोन्ही बाजूंना मान हलवली. शेवटी त्यांचाच पिक्चर. कापला.

आचक्याचा तुकडा मी वेगळा ठेवलाय. टाकवत नाही. चांगला आवाज आहे.

१४ मार्च

कप्तानिणीचा हात जहाजाच्या भिंतीवर — तो आवाज केला आज. माझा तळवा, लोखंडी पेटी. घासला नाही, नुसता टेकवला. टेकवल्याला आवाज असतो का? असतो. पंचवीस वेळा टेकवला तेव्हा सापडला.

२१ मार्च

संपलं! पूर्ण पिक्चर मोठ्या पडद्यावर पाहिला, काम केलेली साठ-सत्तर माणसं. शेवटची दहा मिनिटं कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. श्वास मंदावला. घरघर, शिट्टी नाही, अडखळा. कप्तानिणीचा हात भिंतीवर. एक श्वास. मग तो लांबलचक. मग छप्पन्न सेकंद.

मी माणसं ऐकत होते. सत्तर माणसांनी स्वतःचा श्वास धरला होता, खरंच, कानानं ऐकलं मी! माझ्या शेजारी शिंपीणबाई, पोशाखांच्या, त्यांनी माझं मनगट पकडलं. कुणालाच वाटेना ती गेली. सगळे वाट बघत होते. मीही. मला तर माहीत होतं, तरी.

दिवे लागल्यावर बाई आल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या राहिल्या. "इतकं खरं कुणी करू शकत नाही," म्हणाल्या.

केलं कुठे? झोपले होते.

लेक दारात वाट बघत होती. तोंडाकडे बघून म्हणाली, "सांगू नकोस. कळलं." आणि मला जेवायला वाढलं.

रविवारी काकांना ऐकवायला नेते. थिएटरात त्यांना काय कळणार. घरीच, त्यांच्या पद्धतीनं.

२४ मार्च

दवाखान्यात, बाकावर बसून लिहितेय.

काल काकांनी दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवले आणि डोळे मिटले. घरघर सुरू झाली तसे हसले. "तूच. जाडी झालीस." मग लांबलचक श्वास आला, आणि शांतता. काकांचे हात तसेच. ओठ हलत होते, मोजत होते.

"गती किती?"

"निम्मी."

"म्हणजे अठ्ठावीस." हात काढले. "यंत्र बंद पडलं होतं?"

"नाही, काका."

"माईक हलला?"

"पेटीतच होता. मी कुशीवर वळले असेन..."

"मग कपड्यांची सळसळ कुठाय?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. असं कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या टेपवर हे नव्हतं पोरी. हे जहाज नाही थांबलेलं. तू थांबली होतीस."

माझा नंबर पुकारला. लेक आधीच उठून दारापाशी गेलीय.